पाण्याच्या रांगेतली दीर्घकथा

चेन्नईला बिऱ्हाड हलवल्यावर मी सगळ्यात आधी काय घेतलं असेल, तर लिहायचं टेबल. भांडी अजून खोक्यांत होती, गॅस मिळायचा होता, नंदिताच्या शाळेचा पत्ता नव्हता, पण टेबल आलं. मी लेखिका होते ना! कराडला कॉलेजात असताना माझ्या दोन कथा छापून आल्या होत्या. तिसरी साभार परत आली होती, पण परत करताना संपादकांनी 'आपल्याकडून अपेक्षा आहेत' असं लिहिलं होतं. त्या एका वाक्याच्या जोरावर मी लग्न, बाळंतपण आणि नवऱ्याच्या बदल्या मान ताठ ठेवून पार पाडल्या होत्या. आईवडिलांनी नावही विद्युलता ठेवलेलं. असं नाव असलेल्या बाईनं काहीतरी लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते वाया जातं.

नवऱ्याला, म्हणजे अरुणला, श्रीपेरुंबुदूरकडे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. कंपनीची बस उजाडायच्या आत त्याला घेऊन जायची आणि दिवेलागणीला आणून टाकायची. मला नुंगंबाक्कममध्ये एका निर्यात कंपनीच्या हिशेबखात्यात काम मिळालं. घर मिळालं तिरुवल्लिकेणीत, देवळापासून फार लांब नसलेल्या एका अरुंद गल्लीत, वरचा मजला. खाली मालक राहायचे : कृष्णाजीराव आणि सुंदरीअक्का. तंजावरकडचं मराठी कुटुंब, कित्येक पिढ्यांपासून तिकडचं. पहिल्या दिवशी अक्कांनी जिन्यातून वर पाहत विचारलं, "जेविलांत की?" मला वाटलं, जुन्या बखरीतून कुणी उठून आलंय. अण्णा, म्हणजे कृष्णाजीराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा हैदराबादला. दोघांना मराठी बोलायला माणूस हवं होतं आणि आम्हाला घर हवं होतं. सौदा लगेच जमला.

टेबलाचं म्हणाल, तर महिन्याभरात त्यावर इस्त्री आली, मग इस्त्रीचे कपडे आले, नंदिताच्या शाळेचा थर्मोकोलचा किल्ला आला आणि शेवटी मिक्सर आला, कारण स्वयंपाकघरातलं बटण जळलं. त्या टेबलाचा उपयोग घरातल्या प्रत्येकाला झाला, मी सोडून.

हे असंच चाललं असतं आणि मी वेळ मिळत नसलेली थोर लेखिका म्हणून सुखात जगले असते. वेळ नसणं हे फार सोयीचं असतं, त्यात आपल्या प्रतिभेची परीक्षाच होत नाही. पण त्या संक्रांतीला रुचिराचा फोन आला. रुचिरा माझी शाळेतली मैत्रीण. साताऱ्याला राहायची आणि हौसेनं एक छोटा दिवाळी अंक काढायची. तिला एक दीर्घकथा हवी होती. तुझ्याकडं काही आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आहे, बरीचशी झालीय. हे वाक्य तोंडातून कसं बाहेर पडलं ते मला कळलं नाही. तोपर्यंत माझ्याकडे नायिकेचं नाव तेवढं तयार होतं. मृण्मयी.

मग मी वेळेच्या मागे लागले. मोठे लेखक पहाटे उठून लिहितात असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून पहाटे उठायला लागले. माझ्या खुडबुडीनं अरुणला जाग यायची. त्याला वाटायचं, उशीर झाला. तो घाईनं अंघोळ करून डबा मागायचा. आठवड्याभरात माझ्या पहाटेच्या साधनेचं फळ एवढंच निघालं की कंपनीची बस चुकवण्याबद्दल प्रसिद्ध असलेला अरुण सगळ्यांच्या आधी कोपऱ्यावर उभा दिसू लागला. त्याच्या साहेबांनी त्याचं कौतुकही केलं. बसमध्ये लिहायचं ठरवलं, तर उभं राहून पेन धरता यायचं नाही, आणि बसायला मिळालं की मी झोपायचे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं लिहायला घेतलं, तर ते आमच्या खात्याचे प्रमुख वेंकटरमण यांनी पाहिलं. ते भले गृहस्थ होते. ही बाई सुट्टीतही काम सोडत नाही असा त्यांचा समज झाला आणि माझी निष्ठा पाहून त्यांनी आणखी एका विभागाचे हिशेब माझ्याकडे सोपवले.

मार्च उजाडला तेव्हा माझ्या दीर्घकथेचं एक पान झालं होतं. त्यात मृण्मयी खिडकीशी बसली होती.

त्या वर्षी चेन्नईत पाण्याचे हाल होते. नळ कोरडे. समुद्र जवळ असल्यामुळे आमच्या बोअरला खारं पाणी यायचं. त्यानं भांडी घासता यायची, पण चहा केला तर तो ओकावा लागे. पिण्याचं पाणी लॉरीनं यायचं. गल्लीच्या तोंडाशी लॉरी थांबायची आणि बायका आपापले प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, ओळीनं मांडून उभ्या राहायच्या. लॉरीची वेळ सकाळची, एवढंच नक्की. ती कधी लवकर यायची, कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत यायचीच नाही. अरुण गेलेला असायचा, नंदिता शाळेच्या रिक्षात बसलेली असायची, आणि मी दोन कुडम घेऊन उभी. शेजारी सुंदरीअक्का. त्यांचे गुडघे दुखायचे. अण्णांना पाठवा असं मी एकदा सुचवलं, तर त्या म्हणाल्या, अण्णा रांगेत उभे राहिले की सगळ्यांना पुढे सोडतात आणि रिकाम्या हातानं घरी येतात.

एकदा मी तिथंही कागद काढला आणि कुडमावर ठेवून काहीतरी खरडायला लागले. काय लिहितेस, असं अक्कांनी विचारलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सांगितलं. एका लहान गावातली शिक्षिका आहे, मृण्मयी. तिचा नवरा हळूहळू तिच्याशी बोलणं बंद करतो. का, ते तो सांगत नाही.

"मग पुढें?" अक्का म्हणाल्या.

आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. अरुणला कथा सांगितली की तो 'छान आहे' म्हणायचा, आणि त्याच्या 'छान आहे'नंतर पुढे काही उरायचंच नाही. मी काहीतरी बनवून सांगितलं. अक्कांनी मान डोलावली, मागे वळल्या आणि रांगेतल्या बायकांना तमिळमध्ये ते सांगू लागल्या. बायकाही पुढे सरकल्या. लॉरी आली तेव्हा मृण्मयी माहेरी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मला पाहताच रांगेतल्या चार-दोघी आपल्या जागेवरून हसल्या. अक्का म्हणाल्या, सांग. आता काहीतरी सांगणं भाग होतं. मी सांगत गेले, अक्का भाषांतर करत गेल्या. ऑफिसात गेल्यावर सकाळी सांगितलेलं सगळं मी जेवणाच्या सुट्टीत भराभर उतरवून काढलं. तोंडानं एकदा सांगून झालेलं असल्यामुळे ते न अडता उतरायचं. वेंकटरमण यांनी आणखी एक विभाग दिला, पण आता मला त्याचंही काही वाटेना. पानांवर पानं होत चालली होती.

आणि श्रोते कसे म्हणाल! माझं तमिळ तेव्हा 'तण्णी', 'वेंडाम' आणि 'सरि', म्हणजे पाणी, नको आणि बरं, एवढ्यावर चालायचं, पण चेहरे वाचायला भाषा कशाला लागते? मृण्मयी खिडकीशी बसून पावसाचे थेंब मोजते, हा प्रसंग मी सांगितला. अक्कांनी तो तमिळमध्ये सांगितला, जरा जास्तच वेळ घेऊन. बायकांनी श्वास रोखले. एकीनं नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली. एक म्हातारी तर पदरानं डोळे पुसू लागली. मी मनात म्हटलं, बघ विद्युलता, खरं साहित्य भाषेच्या भिंती ओलांडून जातं ते असं. थेंब मोजण्याच्या प्रसंगात इतकं कारुण्य आहे, हे मलाही लिहिताना जाणवलं नव्हतं.

माणूस यशस्वी झाला की त्याला व्याख्यानाची तहान लागते. इथल्या मराठी मंडळाच्या महिला शाखेनं एका रविवारी कार्यक्रम ठेवला होता. मीच ओळखीतून सुचवून त्यात माझं भाषण घालून घेतलं. विषय : 'नोकरी, घर आणि लेखन - वेळेचं नियोजन'. मी तिथं उशिरा पोचले, कारण निघताना चपला सापडेनात. पण बोलले झकास. शिस्त, सातत्य, दिवसातला ठरावीक तास. पाण्याच्या रांगेचा उल्लेख मी केला नाही, त्याला व्यासपीठावर वजन आलं नसतं. 'एकांत हा बाहेर नसतो, तो आत असतो' असं एक वाक्य मी टाकलं आणि दोघीतिघींनी ते लिहून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि शेजारी महालक्ष्मी येऊन बसली. महालक्ष्मी आमच्याच गल्लीत इडली-डोशाचं वाटलेलं पीठ विकायची. रांगेत ती नेहमी माझ्यामागे असायची. तिच्याशी मी कधी बोलले नव्हते, कारण तिला तमिळशिवाय काही येत नसेल असं मी आपली धरून चालले होते. ती माझ्याकडे वळून धारावीतल्या हिंदीत म्हणाली की लग्नाआधी ती मुंबईला राहायची. मग दबक्या आवाजात तिनं विचारलं :

"दीदी, वो हाथीन का क्या होएगा? मार डालते क्या उसको?"

माझ्या कथेत हत्तीण नव्हती.

मी म्हटलं, कुठली हत्तीण? महालक्ष्मीला वाटलं, मी गंमत करतेय, पुढचं आधी फोडायचं नाही म्हणून. ती मोठ्या कौतुकानं मला माझी कथा सांगू लागली. कुंभकोणमच्या एका देवळात हत्तीण आहे. नायिकेचं नाव मीनाक्षी. तिचा नवरा तिच्याशी बोलत नाही, कारण त्यानं कुंभकोणमला दुसरं घर केलंय. मीनाक्षी नवस फेडायला त्या देवळात जाते. हत्तीण सगळ्यांच्या डोक्यावर सोंड ठेवते, पण नवरा पुढे आला की मागे सरते. कारण ती त्याला ओळखते. तिकडे असला की तो रोज दुसऱ्या बायकोला घेऊन तिला केळी द्यायला येत असतो. हे सगळं मीनाक्षीच्या लक्षात आलंय आणि आता नवऱ्यानं हत्तिणीवर विषप्रयोग करायचं ठरवलंय. परवा शनिवारी गोष्ट इथं थांबली होती, आणि आज लॉरी लवकर आल्यामुळे पुढचं राहून गेलं होतं.

शनिवारी मी सांगितलं होतं की मृण्मयी खिडकीचा पडदा बदलते.

नुंगंबाक्कमचा माझा थांबा आला आणि गेला. मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले. म्हणजे माझ्या पावसाच्या थेंबांसाठी कुणी डोळे पुसले नव्हते. त्या दिवशी बहुधा मीनाक्षीला दुसऱ्या घराच्या दोरीवर नवऱ्याचा सदरा वाळत घातलेला दिसला असणार. तीन महिने मी त्या रांगेत उभी राहून मोठ्या नम्रतेनं दुसरीच्या कथेची दाद स्वीकारत होते.

संध्याकाळी मी तडक खालच्या घरात गेले. अक्का भाजी निवडत होत्या. मी सांभार करायची कृती विचारायला आले असावे, अशा चेहऱ्यानं त्यांनी मला बसायला पाट दिला. मी हत्तिणीचं विचारलं. त्या जराही दचकल्या नाहीत.

"पहिले दोन दिवस तूं सांगिटलीस तसंच सांगिटले मी," त्या म्हणाल्या. "ती बसतीय. उठतीय. खिडकी पाहतीय. बायका उन्हांत उभ्या, लारी येत नाहीं. तिसरे दिवशीं दोघी कुडमावरून भांडल्या, रांग मोडली. त्यांस धरून ठेवायास कांहीं तरी नक्को का? म्हणून हत्तीण आणिली."

"पण अक्का, कथा माझी होती."

"तुजी तुजपाशीं आहे की. मी कोठें घेतली?" आणि मग जरा थांबून, अगदी मायेनं : "तुजा नवरा कां बोलत नाहीं तें तुजसच ठाऊक नव्हतं. मी शोधून काढिलें."

माझा नवरा म्हणजे मृण्मयीचा. पण ते मला वर जाऊन अंथरुणावर पडल्यावर कळलं. तोपर्यंत अरुण माझ्याशी कमी बोलतो की काय याचाच मी विचार करत होते.

मी रुसले. रांगेत जाऊन गप्प उभी राहू लागले. माझ्या गप्प बसण्यानं कथानक अडेल आणि अक्का शरण येतील असा माझा हिशेब होता. कथानक अडलं नाही. अक्कांना माझी गरज कधीच नव्हती. त्यांनी मागे वळून सुरुवात केली, बायका पुढे सरकल्या आणि आजकाल ती मराठी अम्मा काही बोलत का नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. उलट माझ्या बोलण्यात जाणारा वेळ वाचल्यामुळे गोष्ट जास्त पुढे जाऊ लागली. मी मात्र कोरडी पडले. सकाळी सांगितलं नाही की दुपारी काही उतरायचं नाही. मृण्मयी पडदा बदलून तशीच उभी राहिली.

किती दिवस रुसणार? एका सकाळी बायकांच्या घोळक्यातून मोठा हुंकार उठला, महालक्ष्मीनं कपाळावर हात मारला, आणि मला राहवेना. मी अक्कांना म्हटलं, काय झालं ते मलाही सांगा. त्यांनी सांगितलं. विषाचं केळं हत्तिणीनं खाल्लं नव्हतं. सोंडेत धरून ती ते सगळ्या गावातून मिरवत नवऱ्याच्या दारापर्यंत घेऊन गेली होती. मी ऑफिसात जाऊन ते मृण्मयीच्या कथेत घातलं. सगळं नाही, अर्धं पान. मृण्मयीची शेजारीण तिला सहज एक गोष्ट सांगते, असं. आपल्या गंभीर कथेला जरा लोककथेचा स्पर्श, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि मग अण्णांनी संप बांधला. संप म्हणजे जमिनीखालची टाकी. तो असला की नाव नोंदवून लॉरी थेट घरी मागवता यायची, रांगेत उभं राहावं लागायचं नाही. अण्णांनी हे सगळं गुपचूप ठरवलं होतं. अक्कांच्या गुडघ्यांसाठी. गवंडी आले, अंगण खणलं गेलं, सिमेंट वाळलं, आणि एक दिवस लॉरीचा पाइप सरळ आमच्या अंगणात आला. अण्णांनी झाकण उघडून अक्कांना पाणी दाखवलं. त्यांचा चेहरा अगदी मुलीला लग्नात दागिना घालणाऱ्या बापासारखा झाला होता. अक्कांनी खाली डोकावून पाहिलं, चांगलं आहे म्हणाल्या आणि आत गेल्या. आठवडाभर त्या अण्णांशी धड बोलल्या नाहीत. अण्णांना कारण कळेना. ते मला विचारायला वर आले, तर मी काय सांगणार?

मला मात्र सकाळ मोकळी मिळाली. शिवाय अरुण नंदिताला घेऊन कराडला गेला आणि मी ऑफिसातून रजा काढली. टेबलावरचा मिक्सर उतरवला. घरात चिटपाखरू नाही. भाषणात सांगितलेला एकांत आत-बाहेर सगळीकडे पसरला होता. मी कपाट आवरलं. डाळींचे डबे पुसले. पेनात शाई भरली. रजेच्या शेवटच्या दिवशी मी एका बैठकीत कथेचा शेवट लिहिला : मृण्मयी पुन्हा खिडकीशी येऊन बसते. कथा पाकिटात घालून साताऱ्याला पाठवली आणि फार मोठं काहीतरी हातावेगळं केल्यासारखी दुपारभर झोपले.

रुचिराचा फोन आला तो ऑफिसातच. ती आधी माझ्या भाषेबद्दल बोलली, मग वातावरणनिर्मितीबद्दल बोलली. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मग ती म्हणाली, "विद्या, राग मानू नकोस. मधे ते अर्धं पान आहे ना, शेजारीण हत्तिणीची गोष्ट सांगते ते? मी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, पुढे काय झालं?"

"बाकीची कथा?"

"बाकीची कथा मीच वाचली," रुचिरा म्हणाली.

तिला हत्तिणीची सगळी गोष्ट हवी होती. मृण्मयी हवी तर शेजारी राहू दे, ऐकायला, असंही ती म्हणाली. गणपतीच्या आत पाठव. मी फोन ठेवला तेव्हा वेंकटरमण यांनी तब्येत बरी नाही का, असं विचारलं आणि चक्क एक विभाग काढून घेतला.

खाली जाऊन मी अक्कांना सगळं सांगितलं. माझ्या कथेतलं त्यांचं अर्धं पान तेवढं पसंत पडलंय, हे मी एका दमात सांगून टाकलं. त्यांनी मात्र त्यात मिरवण्यासारखं काही आहे असं दाखवलंच नाही. शेवट काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ठाऊक नाही, रांग बंद झाली तिथं गोष्टही थांबली. मी म्हटलं, आता इथं बसून सांगा, मी लिहून घेते. त्यांनी प्रयत्न केला. पाटावर बसल्या, डोळे मिटले, हत्तिणीला दोन पावलं चालवलं आणि भाजीवाल्याबद्दल बोलू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "बसून येत नाहीं ग. उभं राहायास हवं. मागें बायका हव्यात."

म्हणून संप काठोकाठ भरलेला असताना आम्ही दोघी कुडम घेऊन पुन्हा रांगेत गेलो. आमचं स्वागत काही बरं झालं नाही. घरी टाकी असून गरिबांच्या पाण्यात वाटा मागायला आल्या, असं एकजण तोंडावर म्हणाली, आणि तिचं खरंच होतं. अक्कांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की आमच्या वाटचं पाणी महालक्ष्मीच्या कुडमांत जाईल, आम्ही नुसत्या उभ्या राहू. महालक्ष्मीनं लगेच सगळ्यांना गप्प केलं. मग अक्का मागे वळल्या.

त्या सकाळी आणि पुढच्या बऱ्याच सकाळी मी कुडम पालथा घालून, त्यावर पॅड ठेवून, उकिडवं बसून लिहीत होते. अक्का तमिळमध्ये सांगायच्या, मधूनच माझ्याकडे पाहून एखादं वाक्य मराठीत टाकायच्या, आणि जे सुटेल ते महालक्ष्मी हिंदीत भरायची. माझ्याकडे ऐकणं आणि उतरवणं एवढंच काम होतं. बायका मधे पडायच्या. नवऱ्याला माफ करावं की नाही यावर दोन तट पडले आणि एक दिवस भांडणात लॉरी येऊन उभी राहिली तरी कुणी कुडम उचलेना. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. अखेर पूर्वी डोळे पुसणाऱ्या त्याच म्हातारीनं तोड काढली. नवऱ्याच्या दोन्ही बायकांनी मिळून कुंभकोणमला देवळाजवळ खाणावळ काढावी. नवरा बाहेर ओट्यावर बसेल. तो अजूनही बोलत नाही, पण आता त्याला कुणी काही विचारतही नाही. अक्कांनी तेच घेतलं. हत्तीण रोज खाणावळीसमोर थांबून केळ्याचा घड वसूल करते, एवढी भर त्यांनी स्वतःची घातली.

कथा छापून आली. लेखिका म्हणून दोन्ही नावं होती. त्यासाठी मी रुचिराशी भांडले, आणि भांडताना मनातून थोडं वाटतही होतं की तिनं ऐकलं नाही तर बरं. तिनं ऐकलं. मृण्मयी कथेत होती, सुरुवातीची काही पानं. खिडकीशी बसून शेजारणीची गोष्ट ऐकायला.

अंक आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अक्कांना तमिळ झरझर वाचता यायचं, देवनागरी अक्षरं मात्र त्या एकेक लावत वाचायच्या, म्हणून वाचायचं काम अण्णांनी घेतलं. दुपारी खालच्या घरात आम्ही जमलो. महालक्ष्मीही पिठाचं दुकान मुलीवर सोपवून आली, कळो न कळो. अण्णांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि पोथी वाचावी तशा संथ सुरात मृण्मयीपासून सुरुवात केली. मी चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून जमिनीकडे पाहत बसले. माझी वाक्यं अण्णांच्या तोंडून बरी वाटत होती. खरं सांगायचं तर फारच बरी वाटत होती. थेंबांचा प्रसंग आला. मी हळूच मान वर केली.

अक्कांची हनुवटी छातीवर टेकली होती. महालक्ष्मी भिंतीला डोकं लावून घोरत होती.

अण्णा वाचायचे थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले, आता काय करू अशा नजरेनं. मी त्यांना खुणेनं काही पानं उलटायला सांगितली. त्यांनी उलटली आणि हत्तीण केळं घेऊन देवळाच्या दारातून निघते तिथून वाचायला घेतलं. चार ओळी होतात न होतात तोच अक्कांनी डोळे उघडले.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तें केळं तिनं उजव्या बाजूस धरिलें होतें. हें चुकीचं लिहिलंय."

मी वर जाऊन पेन घेऊन आले.